विमानतळावरचं सत्तर रुपयांचं पाणी

वाचकाचं पत्र:

"गेल्या महिन्यात आम्ही चौघं (मी, यजमान, सासूबाई आणि सहा वर्षांचा मुलगा) मुंबईहून विमानाने कोचीला गेलो. घरून दोन लिटर पाणी नेलं होतं. आत नेऊ देत नाहीत असं सगळेच सांगतात, म्हणून तपासणीच्या रांगेत शिरण्याआधी मीच ते ओतून टाकलं. आत गेल्यावर मुलाला तहान लागली. पुस्तकांच्या दुकानातून अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या घेतल्या, 70 रुपयांना एक. छापील किंमतही 70च होती. पुढे गेटजवळच्या कॅफेतून आणखी दोन घेतल्या. त्यांच्यावर छापील किंमत 10, बिलात मात्र 60 अधिक जीएसटी, म्हणजे 63. चार बाटल्यांचे 266 रुपये झाले. ही लूट कायद्यात बसते का? तक्रार करून काही होतं का? शिवाय पुढच्या महिन्यात सासूबाई एकट्या मुंबई, फ्रँकफर्ट, टोरांटो असा प्रवास करणार आहेत. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, आणि 'संडासाशेजारच्या नळाचं पाणी मी पिणार नाही' हे त्यांनी आत्ताच जाहीर केलंय. त्यांनी पाण्याचं काय करावं? ता. क. घरचं ताक नेता येईल का?"
– एक वाचक, नाशिक

नमस्कार ताई,

आधी जरा टोचणारी गोष्ट सांगतो. तुमच्या 266 रुपयांतले बहुतेक वाचले असते, कारण ते पाणी ओतायची गरजच नव्हती. 100 मिलीची मर्यादा आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी आहे. देशातल्या देशात जाताना पाण्याची बाटली तपासणीतून सहसा जाऊ देतात. फार तर सीआयएसएफचा जवान झाकण उघडायला लावतो किंवा समोर एक घोट प्यायला सांगतो. सुरक्षेचा इशारा वाढवलेला असेल तर कडक वागतात, आणि शेवटचा शब्द तिथल्या अधिकाऱ्याचाच असतो. तेव्हा हुज्जत घालू नये. पण "ओता" असं कुणी म्हणेपर्यंत ओतायचंही नाही. ओतावं लागलंच तर पाणी जाईल, बाटली तुमचीच राहील. रिकामी बाटली, मग ती कितीही मोठी असो, देशात काय नि परदेशात काय, सगळीकडे आत नेता येते.

हा गोंधळ सुरू झाला 2006 पासून. त्या वर्षी 10 ऑगस्टला ब्रिटिश पोलिसांनी एक कट उधळला. अटलांटिकवरून जाणाऱ्या विमानांत शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रवरूप स्फोटकं नेण्याचा तो डाव होता. हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेलं ते मिश्रण नेहमीच्या क्ष-किरण यंत्रावर साध्या पेयापेक्षा वेगळं दिसत नाही, हीच खरी अडचण. सुरुवातीला सरसकट बंदी आली. मग त्याच वर्षाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत आजचा नियम ठरला: एका डबीत जास्तीत जास्त 100 मिली (अमेरिकेत 3.4 औंस) आणि अशा सगळ्या डब्या मिळून साधारण एक लिटरच्या, बंद करता येणाऱ्या पारदर्शक पिशवीत. इथे एक बारकावा लोक विसरतात. माप डबीचं धरतात, आतल्या पदार्थाचं नाही. 200 मिलीच्या बाटलीत तळाशी 50 मिली गुलाबपाणी उरलं असलं तरी ती बाटली जप्त होते.

देशांतर्गत प्रवासात एकच फसवी जागा आहे. पुढे परदेशी जायचं असेल आणि पहिला टप्पा फक्त देशातला असेल, म्हणजे नागपूरहून दिल्ली आणि तिथून परदेश, तर नागपूरला सुटलेलं पाणी दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय तपासणीत अडतं. तिथे पोचायच्या आत पिऊन टाकायचं.

तपासणीत बाटली पिशवीत खोल दडवून ठेवू नका. पट्ट्यावर पिशवी गेली, पडद्यावर गडद नळकांडं दिसलं की पिशवी बाजूला काढतात आणि दुसऱ्या रांगेत दहा-पंधरा मिनिटं जातात. स्टीलच्या आणि दुहेरी भिंतीच्या थर्मास बाटल्यांना हे हमखास होतं, कारण आत काय आहे ते यंत्राला नीट दिसत नाही. बाटली बाहेर काढून ट्रेमध्ये मोबाइलशेजारी ठेवा. रिकामी असेल तर झाकण काढून बाजूला ठेवा. जवानाला एका नजरेत कळतं आणि तुमची सुटका होते.

आता बाटल्यांच्या किमतीकडे वळू. तुमच्याकडे दोन वेगळी बिलं आहेत आणि कायद्याच्या नजरेत ती दोन वेगळी प्रकरणं आहेत. एकाच रागात दोन्ही धरली तर ज्यात दम आहे तेही हातचं जाईल.

पुस्तकांच्या दुकानात छापील किंमत 70 होती आणि 70च घेतले. इथे विक्रेत्याने छापील किमतीचा नियम मोडलेला नाही. कंपनीने किती किंमत छापावी यावर सरकारी मर्यादा नाही. प्रश्न एकच उरतो: हीच वस्तू बाहेर कमी छापील किमतीला मिळते का? वेष्टित वस्तूंच्या 2011 च्या नियमांत नियम 18(2अ) आहे, 1 जानेवारी 2018 पासून लागू. हुबेहूब एकाच वस्तूवर अनुचित व्यापारी प्रथेने दोन वेगळ्या कमाल किमती छापायला तो मनाई करतो. यातल्या 'हुबेहूब' या शब्दावर सगळं अडतं. ब्रँड तोच, माप तेच, आणि पाण्याचा प्रकारही तोच हवा. विमानतळावरच्या दुकानात बहुतेक वेळा वेगळाच माल असतो: 'नॅचरल मिनरल वॉटर' म्हणून झऱ्याचं पाणी, किंवा काचेची बाटली, किंवा अ‍ॅल्युमिनियमचा कॅन. आपण ज्याला सरसकट बिसलेरी म्हणतो ते 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर', म्हणजे शुद्ध करून भरलेलं साधं पाणी. हे दोन वेगळे प्रकार आहेत, त्यांची मानकंही वेगळी आहेत: झऱ्याच्या पाण्याला आयएस 13428, साध्याला आयएस 14543. लेबल वाचा. 'नॅचरल मिनरल वॉटर' असेल तर ते 70 रुपये गेले, तक्रारीचा विचार सोडा. तेच साधं पाणी, तोच ब्रँड, तेच 500 मिली असेल तर नाशिकच्या दुकानातून तशीच एक बाटली पावती घेऊन विकत घ्या आणि दोन्ही लेबलांचे फोटो शेजारी ठेवा. तेवढं हातात आलं तर तक्रार कंपनीविरुद्ध करता येते. दुकानदारावर ओरडून इथे काही मिळत नाही.

एक छोटी खूण लेबलावरच असते. एक लिटरपेक्षा कमी मापाच्या बाटलीवर दर मिलीची किंमत छापलेली असते. दहा रुपयांच्या 500 मिलीवर ती 0.02 रुपये येते, सत्तरच्या बाटलीवर 0.14. विकत घेण्याआधी हा आकडा पाहायची सवय लावा. 250 मिलीची गोंडस बाटली 'स्वस्त' म्हणून गळ्यात मारतात तेव्हा तो उपयोगी पडतो.

कॅफेचं बिल जास्त रंजक आहे. दहाच्या बाटलीचे साठ, वर कर. दुकानात हे सरळ बेकायदा ठरलं असतं: नियम 18(2) प्रमाणे किरकोळ विक्रेत्याला छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि छापील किमतीत सगळे कर आधीच धरलेले असतात. पण 12 डिसेंबर 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल आणि रेस्टॉरंट संघटनेच्या याचिकेवर निकाल दिला की हॉटेल-रेस्टॉरंटं बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा महाग विकू शकतात. कारण तिथे गिऱ्हाईक नुसती बाटली घेत नाही. बसायला जागा, वाढणं, वातावरण हे सगळं एकत्र घेतो. विमानतळावरचे कॅफे याच निकालाच्या सावलीत उभे असतात.

तुम्ही मात्र तिथे बसला नाहीत. गल्ल्यावर पैसे दिले, बाटली उचलली आणि गेटकडे गेलात. सेवा कसली घेतली, हा प्रश्न रास्त आहे आणि तक्रारीचा पाया तोच. निकाल तुमच्याच बाजूने लागेल अशी हमी कुणी देऊ नये, कारण 'आमच्याकडे टेबलं होती, तुम्ही बसला नाहीत तर आम्ही काय करणार' हा बचावही तयार असतो. वजन ठरवतं ते बिल. त्यावर वस्तूपुढे एक कोड छापलेला असतो. 9963 ने सुरू होणारा असेल तर त्यांनी ती रेस्टॉरंट सेवा म्हणून दाखवलीय. 2201 असेल तर नुसतं पाणी, म्हणजे माल विकला असं त्यांनीच लिहून दिलंय. 2201 लिहून छापील किमतीवर पन्नास रुपये जास्त घेतले असतील तर तुमची बाजू भक्कम. कोडच नसेल तर बिलाच्या माथ्यावर काय लिहिलंय ते पाहा, रेस्टॉरंट की रिटेल.

तक्रारीसाठी लागतं ते असं. बाटली फेकू नका, रिकामी जपून ठेवा. फेकली असेल तर पुढच्या वेळी लेबलाचा फोटो तिथेच काढा: छापील किंमत, माप, बॅच क्रमांक आणि भरणाऱ्याचं नाव एकाच फोटोत यायला हवं. बिलावर दुकानाचं नाव, जीएसटी क्रमांक, तारीख आणि वेळ असते. ते छापील बिल थर्मल कागदावरचं असतं आणि पाकिटात दोन महिन्यांत कोरं पडतं, म्हणून त्याच दिवशी फोटो काढा. यूपीआयने पैसे दिले असतील तर त्याचा पडदाही. बिल मागायला लाजू नका. बिलच नसेल तर उरतो तो फक्त राग.

मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा किंवा 8800001915 या क्रमांकावर व्हॉट्सअ‍ॅप. मराठीत बोललं तरी चालतं. तुम्हाला तक्रार क्रमांक मिळतो आणि हेल्पलाइन दुकानाच्या कंपनीला उत्तर मागते. मोठ्या साखळीतले कॅफे या पातळीवरच पैसे परत करून मिटवतात, कारण पन्नास रुपयांसाठी कागद वाढवणं त्यांनाही नको असतं. सोबत विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर विमानतळाच्या नावे तक्रार टाका. छापील किमतीच्या उल्लंघनाची तपासणी राज्याच्या वैध मापन यंत्रणेचं काम आहे. आपण अजून वजनमापे खातं म्हणतो ते हेच. जागेवर जाऊन दुकान तपासायचा अधिकार त्यांच्या निरीक्षकालाच आहे, त्यामुळे एकच कॅफे रोज असं करत असेल तर या खात्याला लिहिणं सगळ्यांत उपयोगी.

यातून काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येतं. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता तिथेच, म्हणजे नाशिकला, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षं. आमचं मत विचाराल तर 63 रुपयांच्या बिलासाठी हेल्पलाइन आणि वजनमापे खातं यांवर थांबा. आयोगात तारखांना उभं राहायची तयारी असेल तरच पुढे जा. तयारी असेल तर जरूर जा, कारण असे निकाल सगळ्यांच्याच कामी येतात.

'एवढं महाग का' याचं उत्तरही देऊन टाकतो, कारण त्याशिवाय राग चुकीच्या माणसावर निघतो. गल्ल्यावरच्या पोराचा यात काही हात नसतो. तपासणीनंतरची जागा विमानतळ चालवणारी कंपनी दुकानदाराला देते ती विक्रीतल्या मोठ्या हिश्श्यावर किंवा वर्षाच्या किमान हमी रकमेवर. शिवाय आत येणारा प्रत्येक खोका तपासून घ्यावा लागतो, प्रत्येक कामगाराला विमानतळाचा प्रवेशपास काढावा लागतो. गिऱ्हाईक तर कोंडलेलंच, बाहेर जाऊन स्वस्तात आणू शकत नाही. 2008 च्या कायद्याने विमानतळांचे दर ठरवणारं एरा हे नियामक प्राधिकरण आलं, पण ते विमान उतरवण्याचे, प्रवाशाकडून घ्यायचे असे वैमानिकी आकार ठरवतं. चहा-पाण्याचे भाव त्याच्या कक्षेत येत नाहीत. त्यातली गंमत अशी की दुकानांच्या उत्पन्नातला 30 टक्के भाग हे आकार ठरवताना वजा धरतात. म्हणजे तुमच्या सत्तर रुपयांतले काही पैसे फिरून कुणाच्या तरी तिकिटात सूट म्हणून जातात. समाधान मानायचं तर माना.

तुलनेला रेल्वे घ्या. 22 सप्टेंबर 2025 ला बाटलीबंद पाण्यावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला आणि त्याच दिवसापासून रेल नीरची लिटरची बाटली 15 ची 14 रुपये, अर्ध्या लिटरची 10 ची 9 झाली. तिथे दर रेल्वेच ठरवते, म्हणून कपात लगेच दिसली. विमानतळावरही सरकारने एक वाट काढलीय: उडान यात्री कॅफे. पहिला डिसेंबर 2024 मध्ये कोलकात्याला केंद्रीय मंत्री के. राममोहन नायडू यांनी सुरू केला, मग फेब्रुवारी 2025 मध्ये चेन्नईला. चहा 10, पाणी 10, कॉफी 20, समोसा 20. तुमच्या विमानतळावर असा कॅफे आहे का ते निघण्याआधी बघा, आणि असला तर तपासणीच्या अलीकडे आहे की पलीकडे तेही. अलीकडे असेल तर देशातल्या प्रवाशाला उपयोग आहे, तिथलं दहा रुपयांचं पाणी आत नेता येईल. परदेशी जाणाऱ्याने तिथेच पिऊन पुढे जावं.

खरा उपाय मात्र फुकटचा आहे. तपासणीनंतर पिण्याच्या पाण्याचे नळ असतात, सहसा स्वच्छतागृहाच्या दाराशेजारच्या भिंतीत. पेल्याचं किंवा नळाचं चित्र असलेली पाटी शोधा. सापडली नाही तर गेटवरच्या कर्मचाऱ्याला विचारा. सासूबाईंचा आक्षेप समजण्यासारखा आहे. पण तो नळ तिथे असतो कारण पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप त्याच भिंतीत आलेले असतात. पिण्याचं पाणी गाळणीतून वेगळ्या जोडणीने येतं. पहिले पाच-दहा सेकंद सोडून द्यायचं, नळाच्या तोंडाला बाटलीचं तोंड टेकवायचं नाही. एवढं सांगूनही त्या तयार नसतील तर खाण्याच्या दुकानात काहीतरी घेऊन साधं पाणी मागायचं. बहुतेक ठिकाणी पेला भरून देतात. कार्डावर लाउंज मिळत असेल तर तिथे बाटली भरून घेता येते, फक्त आजकाल बऱ्याच कार्डांना आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केल्याची अट असते, ती आधी तपासा.

नळावर एक साधी अडचण सगळ्यांना येते. वर उडणाऱ्या धारेचा नळ तोंड लावून प्यायला बनवलेला असतो, त्याखाली उभी बाटली मावत नाही. तिरकी धरली तर अर्धी भरते आणि बाही भिजते. यावर सगळ्यांत सोपी युक्ती म्हणजे पिशवीत एक स्टीलचं फुलपात्र. फुलपात्रात धार घ्यायची, बाटलीत ओतायची. चार-पाच खेपांत लिटर भरतं. बाटली रुंद तोंडाची घ्या, म्हणजे सांडत नाही.

किती न्यायचं? मुंबई-कोची प्रवासात घरून निघाल्यापासून उतरेपर्यंत पाच-सहा तास जातात. तुम्हा चौघांना लिटरच्या दोन बाटल्या आणि मुलाची एक छोटी पुरे. विमानात साधं पाणी मागितल्यावर पेल्यातून देतात, कमी दरातल्या कंपन्याही. उड्डाणाला उशीर झाला तर विमान कंपनीने खाणंपिणं द्यायचं असतं: अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तास, त्याहून लांबच्याला चार. गेटवर मागा. न मागता मिळेलच असं नाही.

मुलाच्या बाटलीबद्दल एक. नळीच्या झाकणाची बाटली विमानात उघडली की कारंजं उडतं. विमान वर गेल्यावर केबिनमधला दाब 1,800 ते 2,400 मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा होतो, म्हणजे जमिनीवरच्या दाबाच्या सुमारे तीन-चतुर्थांश. बाटलीत कोंडलेली हवा प्रसरण पावते आणि पाण्याला नळीतून वर ढकलते. अर्धी भरलेली बाटली जास्त उडते, कारण तिच्यात हवा जास्त. म्हणून विमान वर चढत असताना झाकणाचा आटा एकदा सैल करून हवा जाऊ द्या आणि पुन्हा आवळा. नळी त्यानंतर उघडा.

आता सासूबाई.

मुंबईला आंतरराष्ट्रीय तपासणीत भरलेली बाटली जाणार नाही, म्हणून 750 मिलीची हलकी, रिकामी बाटली द्या. औषधं मूळ पट्टीतच आणि चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत. द्रवरूप औषध 100 मिलीच्या वर असेल तर प्रवासापुरतं नेता येतं, फक्त ते वेगळं काढून दाखवायचं आणि चिठ्ठी जवळ हवी. त्या चाकाच्या खुर्चीची मदत घेणार असतील तर एक गोष्ट आधीच बजावा. मदतनीस तपासणीतून थेट गेटवर नेऊन बसवतो, मध्ये पाण्यापाशी थांबत नाही. तपासणी संपताच त्यांनीच म्हणायचं, "आधी बाटली भरू." गेटवर बसवल्यावर उठून नळ शोधणं त्यांना जड जाईल.

विमानात चढल्यावर जेवणाची गाडी येण्याआधी कर्मचाऱ्यांकडून बाटली भरून घ्यायची, ते मोठ्या बाटलीतून ओततात. विमानाच्या स्वच्छतागृहातलं पाणी टाकीतलं असतं, ते पिण्यासाठी भरायचं नाही. केबिनची हवा फार कोरडी, आर्द्रता 20 टक्क्यांच्याही खाली जाते, त्यामुळे घसा सुकतो आणि तहान जास्त वाटते. दर तासाला थोडे घोट घेतले की पुरतं, एकदम पेला रिचवायचा नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी असेल किंवा डॉक्टरांनी पाण्याचं प्रमाण बांधून दिलं असेल तर आमचं ऐकू नका. गोळ्यांच्या वेळा आणि दिवसभरात किती पाणी चालेल हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. वेळा कुठल्या देशाच्या घड्याळाप्रमाणे, तेही.

फ्रँकफर्टला उतरून टोरांटोच्या विमानाकडे जाताना भारतातून आलेल्यांची पुन्हा तपासणी होते आणि तिथे 100 मिलीचा नियम परत लागतो. मुंबईत तपासणीनंतर विकत घेतलेली, सील न फोडलेली बाटलीसुद्धा तिथे टाकावी लागते. आखाती देशांत विमान बदलणाऱ्या प्रवाशांनाही हाच अनुभव येतो. म्हणून उतरण्याआधी बाटली संपवायची, रिकामी करून तपासणीतून न्यायची, पलीकडे भरायची. जर्मनीत नळाचं पाणी पिण्यायोग्य असतं. जिथे पिण्यासारखं नसतं तिथे 'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी लावतात. नुसतं 'ट्रिंकवासर' म्हणजे प्यायचं पाणी, 'काइन' आलं की नाही. हे दोन शब्द रोमन लिपीत मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहून द्या.

तरी विकत घ्यायची वेळ आली तर दोन गोष्टी. पहिली: जर्मन दुकानात पाण्याच्या बाटल्यांतलं बरंचसं पाणी वायू भरलेलं, सोड्यासारखं असतं. सासूबाईंनी गोळी तोंडात टाकून वर तो घोट घेतला तर पुढचे आठ-नऊ तास तुमच्या नावाने खडे फोडतील. बाटलीवर 'स्टिल' किंवा 'नातुरेल' लिहिलेलं असावं. 'क्लासिक' म्हणजे भरपूर वायू, 'मेडियम' म्हणजे निम्मा. शंका आली तर बाटली दाबून पाहायची: वायूची बाटली दगडासारखी घट्ट लागते. दुसरी: बिलात पाण्याच्या किमतीवर 25 सेंट 'फांड' म्हणून जास्त लागतील. ती लूट नाही, रिकाम्या बाटलीची अनामत आहे. बाटली परत घेणाऱ्या यंत्रात टाकली तर ते पैसे परत मिळतात. विमान गाठायच्या गडबडीत त्यांनी ते सोडून द्यावेत.

टोरांटोला बाहेर पडल्यावर तुमचा माणूस घ्यायला येईलच. त्याला सांगा, येताना पाणी आण.

आणि ताक. देशातल्या प्रवासात अडवतीलच असं नाही, पण जवान घोट घ्यायला सांगतो तेव्हा झाकण उघडावं लागतं, आणि घरचं ताक बाटलीत चार तास आंबलं की वायू धरतं. वर विमानातला कमी दाब. शेजाऱ्याच्या शर्टावर कढीपत्ता दिसू नये अशी इच्छा असेल तर ताक घरीच प्या. सासूबाईंना तर ते 100 मिलीपुढे नेताच येणार नाही. हवंच असेल तर मीठ, जिरेपूड आणि हिंग यांची पुडी द्या. विमानातल्या जेवणात साधं दही आलं की पेल्यात पाणी घालून चमच्याने घुसळायचं.